घरी बांधलेल्या टेलड्रॅगरच्या टॅक्सी चाचण्या: पहिल्या उड्डाणाआधी काय करायचं, किती करायचं आणि कुठे थांबायचं

कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर २० जानेवारी १९७४ रोजी वायएफ-१६ या नव्याकोऱ्या लढाऊ विमानाची वेगवान टॅक्सी चाचणी, म्हणजे चाकांवर जमिनीवर धावण्याची चाचणी, ठरली होती. उडायचं नव्हतं, नुसतं पळायचं होतं. वेग वाढल्यावर विमान डावी-उजवीकडे झुलायला लागलं, शेपटीचा पृष्ठभाग धावपट्टीला घासला, विमान बाजूला भरकटायला लागलं आणि चाचणी वैमानिक फिल ओस्ट्रिचर यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की आता जमिनीवर राहण्यापेक्षा हवेत गेलेलं बरं. सहा मिनिटांनी ते सुखरूप उतरले. कागदोपत्री ठरलेलं ‘पहिलं उड्डाण’ त्यानंतर २ फेब्रुवारीला झालं.

ओस्ट्रिचर यांच्याकडे अनुभव होता, मैलोन्मैल मोकळी जमीन होती आणि उडायला तयार असलेलं विमान होतं. आपल्याकडे यातलं निदान शेवटचं तरी असायलाच हवं. टॅक्सी चाचणी म्हणजे उड्डाणाची रंगीत तालीम, असा समज घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो. म्हणून मग वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये खपून बांधलेलं विमान मिळालं, की लोक शनिवार-रविवार धावपट्टीवर वरखाली पळवत बसतात, दर वेळी थोडं जास्त जोरात. टेलड्रॅगरच्या बाबतीत हे महागात पडतं. शेपटीला चाक असलेल्या विमानाची वेगवान टॅक्सी प्रत्यक्ष टेकऑफपेक्षा अवघड असते. ती का, ते पुढे येईलच. तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो: हळू टॅक्सी भरपूर, मध्यम मोजकी, वेगवान कमीत कमी.

उदाहरणासाठी व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७ धरू. शेजारी-शेजारी दोन आसनं, अॅल्युमिनियमचा सांगाडा, १८० अश्वशक्तीचं लायकॉमिंग ओ-३६० इंजिन. नियम अमेरिकेतले धरले आहेत, कारण घरगुती विमानबांधणीचा पसारा तिथेच सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव बहुतेकांना माहीत असतात. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान मुंबईत मांडलं होतं आणि पुढे त्याच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. भारतात परवान्यांची वाट वेगळी आणि लांब आहे, पण चाकं, ब्रेक आणि रडर (शेपटीची उभी, पायांनी चालवायची सुकाणूफळी) यांना देश कळत नाही.

आधी पाय तयार करा, विमान नंतर

टेलड्रॅगरमध्ये विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे वळलं, की मागचं वजन सरळ पुढे जायला बघतं आणि वळण आणखी घट्ट करतं. नोजव्हीलवाल्या, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या, विमानात हेच वजन चाकांच्या पुढे असल्यामुळे ते आपोआप सरळ होतं. टेलड्रॅगरला ही सवलत नाही. वळण सुरू झालं आणि तुम्ही गप्प बसलात, तर ते वाढत जातं आणि शेवटी विमान स्वतःभोवती फिरतं, म्हणजेच ग्राउंड लूप होतो. पंखाचं टोक घासणं हे त्यातलं स्वस्त नुकसान. लँडिंग गिअर मोडणं महाग.

वळण रडरने थोपवणारे हे पाय स्वतःच्या नव्या विमानात घडवायचे नसतात. एक तर चुकलं तर नुकसान आपलंच. दुसरं कारण इंजिनाचं आहे. नवं किंवा नुकतंच ओव्हरहॉल केलेलं लायकॉमिंग कमी आरपीएमवर तासन्‌तास जमिनीवर चालवलं, तर पिस्टन रिंग सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसत नाहीत, भिंतीला गुळगुळीत थर चढतो आणि इंजिन पुढे आयुष्यभर तेल पितं. त्या इंजिनाला सुरुवातीला भरपूर पॉवर आणि भरपूर थंड हवा लागते आणि ती फक्त उडताना मिळते. म्हणजे पायांना सराव हवा आणि इंजिनाला तोच सराव नको. यावर उपाय एकच: सराव दुसऱ्याच्या विमानात करा. सिटाब्रिया, चॅम्प, कब यांपैकी जे छोटं टेलड्रॅगर मिळेल ते. भारतातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये एके काळी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या पुष्पकवर कित्येक पिढ्यांनी पाय घडवले, तेही टेलड्रॅगरच होतं. अमेरिकेत टेलव्हीलसाठी लॉगबुकात प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते. ती बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेली असेल, तर मनातून बाद समजा आणि पुन्हा काही तास उडवा. त्यानंतर, जमलं तर, तुमच्याच मॉडेलच्या उडत्या विमानात प्रशिक्षकासोबत बसा. कब आणि आरव्ही यांच्या वेग घेण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हँगरमध्येच उरकायच्या गोष्टी

नट-बोल्टांची तपासणी तुम्ही केलीच असेल, एखाद्या तिऱ्हाईत अनुभवी माणसाकडूनही करून घेतली असेल. नसेल तर आधी ते. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे, म्हणजे ईएएचे, टेक्निकल काउन्सेलर आणि फ्लाइट अॅडव्हायझर हे काम हौसेने करतात. इथे मी टॅक्सीशी थेट संबंध असलेल्या गोष्टींबद्दलच बोलतो.

टेलव्हीलपासून सुरू करा, कारण तिथे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. शेपटीवर पूर्ण वजन असताना, शक्यतो कॉकपिटमध्ये माणूस बसवून, विमानाच्या बाजूला जमिनीवर बसा आणि टेलव्हील ज्या खिळीवर फिरतं तिच्याकडे बघा. खिळीचं वरचं टोक सरळ उभं किंवा किंचित मागे झुकलेलं असावं. ते पुढे झुकलं असेल, तर मागची पट्टी-स्प्रिंग दबून सपाट झाली आहे किंवा चुकीची आहे, आणि टॅक्सीत चाक थंडीत दात वाजल्यासारखं थडथडणार हे नक्की. रडरपासून टेलव्हीलकडे जाणाऱ्या साखळ्या आणि छोट्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंना सारख्या ताणलेल्या आहेत का? साखळीला किंचित सैलपणा चालतो. एक बाजू ताठ आणि एक लोंबती चालत नाही. पूर्ण रडर दिल्यावर चाक सुटून मोकळं फिरत असेल, तर ते नेमकं किती कोनावर सुटतं, ते शेपटी उचलून हाताने बघून ठेवा.

मुख्य चाकांची दिशा मोजा, शेपटी खाली असताना आणि शेपटी स्टँडवर ठेवून विमान समपातळीत असताना, दोन्ही वेळा. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणं, टेलड्रॅगरला बाधतं. विमान डावीकडे वळलं की वजन उजव्या चाकावर येतं, ते चाक आधीच डावीकडे बघत असतं, आणि वळण आणखी वाढतं. चाकं अगदी सरळ किंवा नावापुरती बाहेर वळलेली असावीत.

आता कॉकपिटमध्ये बसा. टाचा जमिनीवर, पायाचा पुढचा भाग पेडलच्या खालच्या दांडीवर. पूर्ण उजवा रडर द्या. मग पूर्ण डावा. हे करताना पायाची बोटं नकळत ब्रेकवर दाब देतात का? पेडलची वरची बाजू तुमच्याकडे कलली असेल, तर देणारच. ही गोष्ट हँगरमध्ये अर्ध्या तासात दुरुस्त होते; धावपट्टीवर तिला ब्रेक तापल्याचा वास येतो. ब्रेकच्या नळ्यांचे सगळे जोड कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसा. ५६०६ जातीचं हायड्रॉलिक तेल लाल असतं, त्यामुळे थेंबभर गळती असली तरी कापडावर दिसते. जाता जाता, ८३२८२ जातीचं तेल त्याच्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला पेट घेतं. नव्याने भरताय, तर ते भरा.

इंधनाचा प्रवाह मोजा, नाक जास्तीत जास्त चढाईच्या कोनात असताना. फक्त गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या प्रणालीत टेकऑफला लागतं त्याच्या १५० टक्के आणि पंपावर चालणाऱ्या प्रणालीत १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा. इंजिनाचं आयडल, म्हणजे पॉवर न देता ते फिरतं तो वेग, नीट लावा. आयडल हजार आरपीएमवर राहिलं, तर टॅक्सीभर तुम्ही ब्रेकवर उभे राहाल आणि मग ब्रेकला दोष द्याल.

शेवटचं काम फुकट आहे आणि फार थोडे लोक करतात. विमान तीन चाकांवर उभं असताना दहा मिनिटं शांत बसा आणि क्षितिज काउलिंगला, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाला, कुठे छेदतं, डाव्या-उजव्या कडेला किती जमीन दिसते, ते डोळ्यांत भरून घ्या. मग शेपटी भक्कम स्टँडवर ठेवा, चाकांना अडण्या लावा आणि समपातळीत पुन्हा बसा. शेपटी वर असताना हेच चित्र दिसणार आहे. उतरताना तुम्हाला पहिल्या चित्राकडे परत यायचं आहे. दोन्ही चित्रं पाठ झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

दिवस, वारा, जागा, माणसं

वारा पाच नॉटच्या आत आणि धावपट्टीच्या रेषेत. सकाळी लवकर गेलात, तर तो बहुधा मिळतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं, म्हणजे एफएएचं, ९०-८९ हे सल्लापत्रक चाचणीसाठी किमान ४००० फूट लांब आणि १०० फूट रुंद धावपट्टी सुचवतं. टॅक्सीसाठी कमी चालेल असं वाटत असेल, तर या लेखाची सुरुवात पुन्हा वाचा. गवताची धावपट्टी टेलड्रॅगरला मायाळू असते, कारण चाकं थोडी घसरतात आणि कडेने येणारा जोर जिरतो. जवळ चांगलं गवत असेल, तर हळू आणि मध्यम टप्पे तिथे करा.

सोबत दोन माणसं पुरेत: एक रेडिओ आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन, दुसरा वही आणि इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन. प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कोणी उभं राहायचं नाही. बघ्यांची गर्दी नको. कौतुक करणारी माणसं ‘आता जरा जोरात’ असं म्हणत नाहीत, पण त्यांचे चेहरे म्हणतात. विमानात तुम्ही एकटेच, खांद्याचे पट्टे आवळलेले, पॅनेलवर आणि पेडलवर एकेक छोटा कॅमेरा. कॅमेऱ्यामुळे तुम्हाला काही लिहावं लागत नाही आणि नजर बाहेर राहते.

पहिला टप्पा: चालण्याच्या वेगाने

यात घाई नाही, फक्त इंजिनाच्या तापमानावर लक्ष ठेवा. सिलिंडर हेड ४०० अंश फॅरनहाइटकडे सरकायला लागलं की नाक वाऱ्यात करा आणि उतरत नसेल, तर बंद करा.

हँगरच्या बाहेर पहिल्या दहा फुटांत दोन्ही ब्रेक एकदा दाबा. मग एकेक. मग मोकळ्या जागेत डावं वर्तुळ, उजवं वर्तुळ. दोन्हींना सारखाच रडर लागतोय का? टेलव्हील कधी सुटतं आणि सरळ झाल्यावर परत अडकतं का? नाकापलीकडे समोरचं दिसत नाही, म्हणून नागमोडी जा. आरव्हीमध्ये दिसतं थोडंफार, तरी सवय लावा. स्टिक, म्हणजे हातातली नियंत्रण दांडी, सुरुवातीपासूनच वाऱ्याप्रमाणे धरा. समोरून वारा असेल, तर स्टिक पोटाशी, वाऱ्याच्या बाजूला कललेली. मागून असेल, तर पुढे आणि वाऱ्यापासून दूर. शांत हवेतही स्टिक मागेच. हात ती विसरले, की पुढच्या टप्प्यात आठवणार नाहीत.

वळताना होकायंत्र, टर्न कोऑर्डिनेटर किंवा स्क्रीनवरचं हेडिंग योग्य दिशेला जातंय का, रेडिओ दोन्हीकडून स्पष्ट आहे का, हे इथेच बघून टाका. एकदा गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. त्यानंतर काउलिंग काढून टॉर्च घेऊन बघा. ही पहिली फेरी जवळपास प्रत्येक वेळी काहीतरी दाखवते: एखादा सैल क्लॅम्प, एक्झॉस्टला टेकू बघणारी वायर, तेलाचा ओघळ. दाखवलं नाही, तर पुन्हा बघा.

विमान सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर रडरने सांभाळून पुढे जायचं नाही. आधी हाताने ढकला, तेव्हाही ओढतं का? दोन्ही टायरचा दाब मोजा. टॅक्सीनंतर दोन्ही ब्रेक डिस्कवर थर्मामीटर धरा. एक डिस्क दुसरीपेक्षा बरीच गरम असेल, तर तो ब्रेक अडकतोय. डिस्क सारख्या असतील, तर चाकांची दिशा आणि टेलव्हीलच्या साखळ्या. आणि हो, दोन्ही टाक्यांत इंधन सारखं आहे ना?

ब्रेक बसवणं

नव्या ब्रेक लायनिंगला भाजून घ्यावं लागतं, नाहीतर ते चकाकतं आणि पकड घेत नाही. ऑरगॅनिक लायनिंग असेल तर इंजिन साधारण १७०० आरपीएमवर ठेवून ब्रेक धरत धरत ताशी ५ ते १० मैलांच्या वेगाने सुमारे १५०० फूट जायचं. मग १० ते १५ मिनिटं पूर्ण गार होऊ द्यायचं. गार झाल्यावर इंजिन रनअपला, म्हणजे उभ्या जागी जास्त आरपीएमला, नेऊन ब्रेक विमान धरून ठेवतात का, ते बघायचं. लोखंडी धातूच्या लायनिंगला वेगळी पद्धत आहे, ३० ते ३५ नॉटवरून लागोपाठ दोन वेळा पूर्ण थांबणं. पण नव्या टेलड्रॅगरवर, नव्या पायांनी ते इतक्या लवकर करू नये. दुसरा टप्पा झाल्यावर करा. आणि करताना स्टिक पूर्ण मागे, ब्रेक सारखा आणि हळूहळू वाढवत. एकट्या वैमानिकासह आरव्हीचा गुरुत्वमध्य पुढे असतो. जोरात ब्रेक म्हणजे प्रोपेलर जमिनीत.

व्हील पँट, म्हणजे चाकांवरची आवरणं, अजून लावलेल्या नाहीत ना? नसू द्या. डिस्कला हवा मिळते आणि गळती दिसते.

दुसरा टप्पा: शेपटी खाली, सरळ रेषेत

आता धावपट्टीवर या, मध्यरेषेवर सरळ उभे राहा, टेलव्हील सरळ अडकलंय याची खात्री करा. प्रत्येक धावेआधी मोठ्याने म्हणा: कमाल वेग किती, थ्रॉटल कुठे बंद, थांबायचं कुठे. ‘ही धाव १५ नॉट, तिसऱ्या दिव्यापाशी बंद.’ वेडेपणा वाटेल, पण रेडिओवरच्या मित्राला हे ऐकू जाऊ द्या. ठरलेला वेग मनातल्या मनात वाढतो. उच्चारलेला सहसा वाढत नाही.

थ्रॉटल हळू पुढे, वेग आला की थोडा मागे. स्टिक पोटाशी घट्ट, म्हणजे टेलव्हील जमिनीवर दाबलेलं राहतं. पायांचं काम छोटं आणि अखंड: टोचा द्या आणि सोडा, धरून ठेवू नका. धरून ठेवलेला रडर नाक मध्यरेषेवर आल्यावरही वळवत राहतो आणि मग तुम्ही दुसऱ्या बाजूला धावता. १५ नॉट, मग २०, मग २५. दर धावेनंतर थांबा, तापमानं बघा, डिस्क किती तापल्यात ते मित्राला विचारा. थर्मामीटर दिलाय त्याला, हात लावायचा नाही.

टेलव्हील थडथडलं तर वेग कमी करा, शेपटीवरचा भार जरा हलका करा आणि परत हँगरमध्ये जाऊन खिळीचा कोन बघा. थडथडत्या चाकाने पुढचा टप्पा करायचा नाही. या टप्प्यात २५ नॉटवर मध्यरेषेच्या दोन-तीन फुटांच्या आत, दोन्ही दिशांना, पाय न अवघडता जाता आलं पाहिजे. येत नसेल, तर आज एवढंच.

तिसरा टप्पा: शेपटी वर

या टप्प्याआधी विमान उडायला पूर्ण तयार हवं: एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (उड्डाणयोग्यतेचा दाखला) हातात, विमा चालू, इंधन पुरेसं, कॅनोपी (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) बंद आणि कडी लागलेली, ट्रिम (स्टिकवरचा ताण घालवणारी जोडणी) टेकऑफच्या जागी. कारण विमानाला तुमचा बेत माहीत नसतो. कागदांशिवाय चुकून चाकं सुटली, तर ते कायद्याने उड्डाणच, आणि विमा कंपनी ते नक्की ओळखेल.

९०-८९ मधली पद्धत अशी: दर धावेला ताशी पाच मैलांनी वेग वाढवायचा आणि अंदाजे स्टॉल वेगाच्या, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत त्या वेगाच्या, ८० टक्क्यांच्या आसपास यायचं. आरव्ही-७ चा पूर्ण वजनाचा स्टॉल ५० नॉटच्या जवळ धरला, तर ८० टक्के म्हणजे ४० नॉट. एकटे आणि हलके असलात, तर स्टॉल आणखी खाली येतो आणि ही मर्यादाही. त्या वेगाला शेपटी उचलता आली पाहिजे. नाही उचलली, तर गुरुत्वमध्य फार मागे आहे किंवा मुख्य चाकं फार पुढे आहेत. मग पुढचं सगळं थांबवून वजनकाटा बाहेर काढा. एअरस्पीड इंडिकेटर इतक्या खाली फार विश्वासाचा नसतो. शांत हवेत जीपीएसच्या वेगाशी ताडून बघा. दोन्हींत मोठा फरक दिसला, तर वेगदर्शकाला हवेचा दाब पोचवणाऱ्या पिटो-स्टॅटिकच्या नळ्यांत गळती शोधा. या टप्प्यातून मिळणारी सर्वांत उपयोगी माहिती, माझ्या मते, हीच आहे.

पूर्ण थ्रॉटल कधीच नाही. १८० अश्वशक्तीचं आरव्ही एकट्या वैमानिकाला घेऊन काहीशे फुटांत जमीन सोडतं. ‘जरा बघू’ म्हणेपर्यंत तुम्ही वीस फुटांवर असाल.

आता टेकऑफपेक्षा हे अवघड का, ते सांगतो. लायकॉमिंगचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून बघितल्यास घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. पॉवर वाढली की टॉर्क, प्रोपेलरच्या दोन बाजूंचा असमान ओढा आणि रडरवर तिरका आदळणारा वारा, सगळे मिळून नाक डावीकडे नेतात. शेपटी उचलताना फिरणाऱ्या प्रोपेलरची जायरोस्कोपिक ओढही डावीकडेच असते. उजवा पाय आत जातो. इथपर्यंत टेकऑफसारखंच. टेकऑफमध्ये यानंतर वेग वाढतो, रडर आणखी धारदार होतो आणि चाकं सुटतात, गोष्ट संपली. टॅक्सी चाचणीत मात्र नेमक्या या क्षणी तुम्ही थ्रॉटल ओढता. डावीकडे नेणारे जोर एकदम नाहीसे होतात. रडरवरचा प्रोपेलरचा वारा नाहीसा होतो, म्हणजे रडर अर्धा होतो. शेपटी खाली येते आणि जायरोस्कोपिक ओढ आता उजवीकडे होते. आणि तुमचा उजवा पाय अजून आतच आहे. विमान उजवीकडे झेपावतं. टेलव्हील टेकून पकड घेईपर्यंतचा तो काळ असा असतो, की रडर पुरत नाही, टेलव्हील नाही, आणि ब्रेक मारला तर नाक खाली. सगळ्या टॅक्सी चाचणीत सर्वांत अवघड क्षण हाच असतो आणि प्रत्यक्ष टेकऑफमध्ये तो येतच नाही.

रशियन एम-१४पी किंवा जुनं जिप्सी इंजिन असेल, तर हे सगळं उलट्या बाजूला. आधी कागदावर लिहून काढा.

म्हणून थ्रॉटल झटक्याने ओढू नका. दोन-तीन सेकंद घेत मागे आणा, त्याच हिशेबात उजवा पाय सैल करा, शेपटी स्वतः खाली पडू देऊ नका. वेग उतरू लागला की हलकेच खाली ठेवा आणि मग स्टिक पूर्ण मागे. शेपटी वर असताना एकदा हळूच एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) हलवून पंख किंचित डोलतात का ते बघता येतं, पण एकदाच. आणि पाय तयार वाटत असतील, तरी अशा धावा दोन-तीनच. विमानाने सांगायचं ते तेवढ्यात सांगितलेलं असतं.

‘दोन फूट उचलू आणि परत बसवू’ हा प्रकार नकोच. त्या दोन फुटांवर तुम्हाला स्टॉल वेग माहीत नाही, ट्रिम माहीत नाही, एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या झडपेची) चव माहीत नाही, आणि पुढची धावपट्टी दर सेकंदाला सत्तर-ऐंशी फुटांनी संपतेय.

चुकलंच तर

वळण हाताबाहेर जातंय असं वाटलं, तर स्टिक पूर्ण मागे, थ्रॉटल बंद, उलटा रडर पूर्ण, त्याच उलट्या बाजूचा ब्रेक हलका. तरीही विमान कडेला चाललंय आणि पुढे सपाट गवत आहे, तर जाऊ द्या. सरळ गवतात गेलेलं विमान बहुतेक वेळा धुवून परत येतं. मध्यरेषेवर ओढून आणण्याच्या हट्टात गिअर मोडतो. थांबता थांबता मिक्श्चर (इंधन) बंद, मॅग्नेटो (ठिणगी) बंद, मास्टर (वीज) बंद. त्यानंतर कॅनोपी उघडा.

चुकून हवेत गेलात आणि समोर भरपूर धावपट्टी शिल्लक आहे, तर आहे तोच कोन धरा, पॉवर थोडी कमी करा आणि विमानाला खाली बसू द्या. नाक ढकलू नका. शिल्लक किती आहे याबद्दल शंका असेल, तर पूर्ण पॉवर, आणि ज्याची तयारी केली होती ते पहिलं उड्डाण आजच. हा निर्णय हवेत घ्यायचा नसतो. धावपट्टीवर एक खूण ठरवा, तिच्या अलीकडे उतरायचं, पलीकडे उडायचं, आणि दर धावेआधी ती खूण मोठ्याने म्हणा.

चाचणी संपल्यावर

काउलिंग पूर्ण उतरवा. ब्रेक लायनिंगची जाडी, डिस्कचा रंग, टायरच्या कडा, टेलव्हीलचे बोल्ट, लँडिंग गिअर फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) जिथे जोडलाय तिथले बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचा रंग तडकलाय का, हे सगळं बघा. इंजिन माउंटचे बोल्ट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळा. कॅमेऱ्यातलं चित्रण घरी जाऊन शांतपणे बघा. पेडलवरचा कॅमेरा तुमचा उजवा पाय नेमका कधी सैल झाला, ते लपवत नाही.

काही दुरुस्त केलं असेल, मग ती टेलव्हीलची एक स्प्रिंग का असेना, तर पहिल्या टप्प्याची एक छोटी फेरी पुन्हा. चित्रणात पाय उशिरा सुटताना दिसला, तर जादा टॅक्सी नको, सिटाब्रियात प्रशिक्षकासोबत आणखी काही तास. पहिलं उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, त्याच दुपारी नको; ब्रेक, पाय आणि डोकं तिन्ही गार होऊ द्या. अमेरिकेत इंजिन आणि प्रोपेलर प्रमाणित जोडीचे असतील, तर नेमून दिलेल्या भागात सहसा २५ तास, नसतील तर ४० तास चाचणी उड्डाणं करावी लागतात, त्यामुळे उरलेले प्रश्न विचारायला वेळ भरपूर आहे. व्हील पँट पहिली काही उड्डाणं होईपर्यंत फळीवरच राहू द्या.